झाकणावरची चिठ्ठी

मी एक जुनं प्रेशर मोजायचं मशीन आहे. एक गोल तबकडी, तिच्यावर काटा, दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा आणि हवा भरायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. हल्ली मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर धूळ खात पडलेला असतो. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती राबलो तेच आधी सांगतात. मीही राबलो. पण मला आधी एक गोष्ट कबूल करायची आहे. मी एका भल्या माणसाशी खोटं बोललो आणि ते त्याला भोवलं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्या प्रत्येक मशीनचा काटा खऱ्या मापाशी ताडून बघायच्या. थोडा जरी फरक दिसला तरी मशीन बाजूला सारायच्या. "काटा चुकला की माणूस चुकतो गं," असं शेजारणीला म्हणायच्या. त्यांनी मला पास केलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढे एका आरोग्य विमा कंपनीने वस्त्यांना अनुदान द्यायचं ठरवलं. लोक आजारी पडण्याआधीच त्यांची काळजी घ्यावी, असा विचार होता. त्यात कंपनीचाही फायदा होताच, पण असू दे. चांगल्या कामात देणाऱ्याचं भलं झालं म्हणून काम काही वाईट होत नाही. त्या अनुदानातून या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक वजनकाटा आला, एक तपासणीचं टेबल आलं, मी आलो आणि आठवड्यातून दोन दिवस एक निवृत्त नर्स यायला लागल्या. त्यांना सगळे नुसतं सिस्टर म्हणत.

सिस्टरांचा हात हलका आणि जीभ तिखट. "लोणचं खाऊन आलात ना? खोटं बोलू नका, काटा सांगतोय मला," असं म्हटलं की भलेभले ओशाळायचे. लोक हळूहळू यायला लागले. संध्याकाळी चालायला लागले, मिठाचा हात आखडता घ्यायला लागले. एकदा भाजीवालीची सून सहज म्हणून डोकावली. सातवा महिना, पावलं सुजलेली. सिस्टरांनी मला तिच्या दंडाला गुंडाळलं, काटा बघितला आणि पुन्हा गुंडाळलं. मग रिक्षा बोलावून तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. आई आणि मूल दोन्ही वाचली. पुढे तेच मूल याच टेबलावर बसून माझा फुगा दाबायचं, तेव्हा मला कसलीच तक्रार नसायची. हे सगळं त्या अनुदानामुळे झालं, हे मी आज इतका कडवट झालो असलो तरी नाकारणार नाही.

आमच्याकडे नेमाने येणारा एकच माणूस, तो म्हणजे शिंपीकाका. समोरच्याच गाळ्यात त्यांचं दुकान. कॉलर कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. प्रेशर मात्र जुनं. गोळीने दुपारी डोळ्यांवर झापड येते, शिलाई मशीनची सुई बोटात शिरते, अशी त्यांची रोजची कुरकूर. "सिस्टर, एकदा चांगला आकडा दाखवा आणि या गोळीतून सोडवा मला."

"आकडा मी दाखवत नाही, तुमचं रक्त दाखवतं. आणि कितीही चांगला आला तरी गोळी चुकवायची नाही."

"बायको पण हेच सांगते. तुम्ही दोघींनी संगनमत केलंय."

तिसऱ्या वर्षी कंपनीचं मोठं कापडी पोस्टर लावताना कुणीतरी टेबलाचा आधार घेतला आणि मी फरशीवर आपटलो. काच शाबूत, काटा शाबूत. शून्यावर येऊन शहाण्यासारखा टेकायचाही. पण वर चढताना तो कमी चढायचा. सिस्टरांना महिन्याभरात शंका आली. त्यांनी मला दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडलं. वरचा आकडा मी बरोबर वीसने कमी दाखवत होतो.

त्यांनी कंपनीला अर्ज केला. दुरुस्ती तशी किरकोळच होती. दोन महिन्यांनी उत्तर आलं, गुळगुळीत कागदावर: योजनेत नव्या वस्तूंना मंजुरी आहे, जुन्यांच्या दुरुस्तीची तरतूद नाही, नव्या यंत्राचा विचार पुढच्या टप्प्यात होईल. वाचनालयाच्या सेक्रेटरींना सिस्टर म्हणाल्या, "मग आपणच करून घेऊ." सेक्रेटरींनी कानांवर हात ठेवले. "कंपनीच्या वस्तूला परस्पर हात लावायचा नसतो हो. उद्या अनुदानच थांबवतील." तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. पण देणाऱ्याची मर्जी सांभाळता सांभाळता त्यांचा कणा पार वाकून गेला होता.

मग सिस्टरांनी आपला उपाय काढला. एक चिठ्ठी लिहिली आणि डिंकाने माझ्या झाकणावर, कंपनीच्या चकचकीत चिन्हाच्या बाजूला चिकटवली. 'हे मशीन वीसने कमी दाखवतं. येणाऱ्या आकड्यात वीस वाढवून लिहावेत.' अक्षर मोठं, कुणालाही वाचता येईल असं. मला शरम वाटली, पण हायसंही वाटलं. आपलं व्यंग कपाळावर लिहिलेलं असलं म्हणजे निदान कुणाची फसगत होत नाही. सिस्टर वीस मिळवूनच आकडा सांगायच्या, त्यामुळे येणाऱ्यांनी झाकणाकडे कधी बघितलंच नाही. आठ महिने असे ठीक गेले.

मग सिस्टरांच्या लेकीचं बाळंतपण आलं. त्या दोन महिने लेकीकडे गेल्या. जाताना सेक्रेटरींना तीनतीनदा म्हणाल्या, "चिठ्ठीकडे लक्ष असू द्या." त्यांच्या जागी कंपनीने एक बदली नर्स पाठवली. आणि ती रुजू व्हायच्या आदल्याच दिवशी निरोप आला की मोठे साहेब फोटोवाल्याला घेऊन पाहणीला येणार आहेत.

खोली झाडली गेली, खुर्च्या पुसल्या गेल्या. सेक्रेटरींची नजर माझ्या झाकणावर पडली. "हे काय दिसतं फोटोत? म्हणतील, आम्ही दिलेल्या वस्तूला नावं ठेवतात." त्यांनी नखाने कोपरा उचलला, चिठ्ठी अलगद सोलून काढली, घडी करून खिशात ठेवली. "साहेब गेले की लावतो परत," असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. कुणाला म्हणाले कोण जाणे, खोलीत मी एकटाच होतो.

साहेब आले. शिंपीकाकांना पुढे बसवलं, फोटोवाल्याने दिवा लावला. बदली नर्सने माझा पट्टा गुंडाळला. तिला बिचारीला काय माहीत? मी वर चढायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण त्यांच्या खऱ्या दीडशेला माझी धाव एकशेतीसपर्यंतच. "एकशेतीस!" ती म्हणाली. त्या दिवशी सगळ्यांचेच आकडे गोड आले. साहेब खूष झाले. "बघा, वस्तीची तब्येत सुधारतेय!" सेक्रेटरींचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. तोंड उघडण्याची वेळ हीच होती. पण साहेबांचा हात त्यांच्या खांद्यावर होता. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा तो शर्ट धुण्यात गेला. चिठ्ठीचा लगदा झाला. 'आज सांगू, उद्या सांगू' करत ते राहूनच गेलं.

शिंपीकाकांनी घरी जाऊन गोळ्यांची डबी फळीवर ठेवून दिली. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "अगं, मशीनने सांगितलं. कंपनीच्या साहेबांसमोर सांगितलं." पुढच्या दोन खेपांना आकडा वाढला, पण माझ्या तबकडीवर तो अजूनही बरा दिसत होता. सहाव्या आठवड्यात ते गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर कापत असताना हातातून कात्री खाली पडली. वाकून उचलायला गेले आणि तिथेच कोसळले. उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा जीव होता, बोलणं होतं, पण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती.

सिस्टर परत आल्या, सगळं ऐकलं आणि माझ्या झाकणावरच्या डिंकाच्या डागावर बोट ठेवलं. मग सेक्रेटरींना एवढंच म्हणाल्या, "कागदाच्या एका कपट्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?" सेक्रेटरी खाली मान घालून रडले. पण रडून कुणाचा हात हलत नाही.

आणि मग पुढचा टप्पा आला. नवं मशीन आलं, बटण दाबलं की आपोआप आकडे दाखवणारं. साहेब आले, फोटोवाला आला. 'कात्री चालवणारा माणूस आहे, फीत त्याच्याच हातून कापू, फोटो झकास येईल' अशी साहेबांची कल्पना. मधल्या काळात काय घडलं हे त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. शिंपीकाका काठी टेकत काकूंबरोबर आले. साहेबांनी हसत त्यांच्या उजव्या हातात कात्री ठेवली. ती खण्णकन खाली पडली.

"साहेब, तो हात चालत नाही त्यांचा," काकू म्हणाल्या.

"अरेरे. मग तुम्ही धरा ना त्यांचा हात. आणखी छान दिसेल."

फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात सिस्टर पुढे झाल्या आणि नव्या मशीनच्या अंगावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली: 'दर सहा महिन्यांनी तपासून घेणे.'

"सिस्टर, फोटो होऊ दे, मग लावा ना," साहेब म्हणाले.

शिंपीकाकांनी आपला डावा हात त्या चिठ्ठीवर दाबून धरला. "राहू दे. फोटोत येऊ दे ती." सेक्रेटरी पहिल्यांदाच देणाऱ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे साहेब." फोटो निघाला.

वर्षअखेरीला कंपनीचं अहवालाचं पुस्तक छापून आलं. फोटो होता, फीत होती, काकूंचं अवघडलेलं हसू होतं. खालच्या कोपऱ्यातली चिठ्ठी आणि तिच्यावरचा डावा हात मात्र कापून टाकला होता. मागच्या पानावर आमच्या वस्तीची तब्येत सुधारल्याचा आलेख होता. त्यातला सगळ्यात छान उतार माझ्याच त्या पाहणीच्या दिवसाच्या आकड्यांचा.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काहीबाही द्याल. जरूर द्या. दिलेलं वाया जात नाही, भाजीवालीच्या सुनेला विचारा. पण दिल्यावर पाठ फिरवू नका, त्या वस्तूची पुन्हा विचारपूस करायला या. आणि कुठल्याही वस्तूवर अशी एखादी चिठ्ठी चिकटवलेली दिसली, तर काढण्याआधी ती वाचा, आणि वाचल्यावर काढू नका.