परसासकट

सारजाबाईने म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि हाताला गुंडाळून घेतलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. वराळ्याच्या रखमाजीने आपलं नवं दावं म्हशीच्या गळ्यात अडकवलं. दुसरी म्हैस त्याच्या गड्याने आधीच तुंगार्लीच्या उताराला लावली होती. ती मागे वळून वळून रेकत होती.

"एक तरी ठेव, बाई," रखमाजी म्हणाला. "उद्या बंगल्यांवर दूध कुटनं घालशील?"

"एकीत भागत न्हाई, भाऊ."

"आन् खाशील काय?"

 सारजाबाईने पैसे पदराला बांधले, गाठ आवळली, पुन्हा आवळली. तो गेल्यावर ती गोठ्यात शिरली. गव्हाणीत सकाळची वैरण तशीच होती. वैरण उचलायला ती वाकली आणि तशीच गव्हाणीला टेकून उभी राहिली.

घर सारजाबाई आणि तिचा नवरा कान्हू, दोघांच्या नावावर होतं. कान्हू रेल्वेच्या कामाला लागला, त्यांनी तुंगार्लीत ही जागा घ्यायचं ठरवलं, तेव्हा सारजाबाईच्या बापाने तिच्या अंगावरची चांदी मोडू दिली. पण कागदावर लेकीचंही नाव हवं म्हणून अडून बसला. भिंती दोघांनी मिळून घातल्या. ती माती तुडवायची, तो रचायचा. गेल्या साली पंचांपुढे काडीमोड झाली. कान्हूने दुसरी बायको केली. आता त्याची कल्याणला बदली झाली होती, तिथे संसार मांडायचा होता, आणि मुंबईच्या एका शेठच्या मनात बंगल्यासाठी हीच जागा भरली होती.

"शेठ देतोय तेवढं तू दे, घर तुझं," कान्हू अंगणातूनच म्हणाला होता. "न्हाई जमलं तर माझं अर्धं त्याला देतो. शिमग्यापतुर थांबतो."

"तो काय करनार अर्धं घेऊन?"

"तुझंबी घेईल. आज न्हाई तर उद्या. सगळं पाडून खोल पाया खनायचाय म्हनतो, पार मागल्या बांधापतुर."

ते ऐकून सारजाबाईची नजर परसाकडे गेली होती.  डोक्याचं मुंडासं उगाच सारखं करत कान्हू निघून गेला होता.

मग पैशांसाठी तिची वणवण सुरू झाली. ज्या बंगल्यावर ती वर्षानुवर्षं दूध घालत होती, तिथल्या बाईसाहेबांनी माळ्याकरवी नाही म्हणून कळवलं. सावकाराला तारण हवं होतं, आणि घर अजून तिचं एकटीचं नव्हतं. शेवटी ती आंदर मावळात भावाकडे गेली, सबंध दिवस चालून. शिदूने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मातीच्या भिंती त्या, ताई. त्यापायी एवढा जीव टाकतीस? हितं ये. तुला येगळं खोपटं बांधून देतो."

"हितं न्हाई जमायचं."

"का न्हाई? तितं तुझं हाय कोन?"

ताटातली भाकर तिने मोडली, पण तोंडापर्यंत हात गेला नाही. शिदूकडेही द्यायला काही नव्हतं, हे तिला त्याच्या घरात पाऊल टाकतानाच दिसलं होतं. सकाळी ती परत निघाली. डोंगर उतरताना आसपास कुणी नाही असं पाहून तिने हंबरडा फोडला. मग तोंड पुसलं आणि उतरत राहिली. म्हशी विकायचं तिने तिथेच ठरवलं.

वडगावच्या नोंदणी कचेरीत कारकुनाने दौत जवळ ओढली.

"घेणाऱ्याचं नाव?"

"सारजाबाई."

"नवऱ्याचं?"

कान्हू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याने खाली पाहिलं. कारकुनाने मान वर केली.

"बापाचं लिवा," ती म्हणाली. "अंबाजी."

लिहून झाल्यावर कारकुनाने वाचून दाखवलं. घर, गोठा, परस, चारी बाजूंच्या हद्दी.

"ते परसाचं परत वाचा."

"परसासकट," तो त्रासून म्हणाला. "मागच्या बांधापर्यंत. झालं समाधान?"

"व्हय."

कान्हूने पैसे घेतले, अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली.

परतीच्या गाडीत दोघं एकाच डब्यात दोन टोकांना बसली. लोणावळ्याला उतरून ती तुंगार्लीच्या वाटेला लागली, तेव्हा मागे पावलं वाजत होती. त्याची चाळ खरं तर स्टेशनाजवळच होती. तिने वळून पाहिलं नाही. घराशी आल्यावर मात्र ती थांबली. तोही अंगणाच्या कडेला थांबला.

"आता काय ऱ्हायलं?"

"काई न्हाई." त्याने मुंडासं काढून हातात धरलं. "उद्या कल्याणला निघतोय. जरा मागं जाऊन येऊ का?"

सारजाबाई त्याच्याकडे बघत राहिली. परसात त्यांची पोर होती. पाचवीही पुजायची राहिली, त्याआधीच गेलेली. कान्हूनेच खड्डा खणला होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे रचले होते. त्यानंतर पाळणा हलला नाही. त्या जागी तिने कधी म्हैस बांधली नाही, की भाजी लावली नाही. त्याने मात्र पुन्हा कधी पोरीचं नाव काढलं नव्हतं. पाया खणायचं सांगतानाही नाही. तो विसरला, असंच ती धरून चालली होती.

"जावा," ती म्हणाली.

तो घरातून न जाता बाहेरून वळसा घालून गेला. ती चुलीपाशी बसली, पण चूल पेटवली नाही. मागून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग दगडावर दगड टेकल्याचा आवाज आला.

तो परत आला तेव्हा त्याचे हात मातीने भरले होते.

"दोन धोंडे सरकले व्हते. बसवले नीट."

तिने तांब्या आणला आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं. त्याने हात झटकले, मुंडासं बांधलं, अंगण ओलांडलं. वाटेवर पाऊल ठेवता ठेवता तो थबकला.

"सारजा, कवा हिकडं येनं झालं तर..."

 ती तांब्या हातात धरून उभी होती.

"आवाज देऊन येत जावा," ती म्हणाली.