शकूमावशीचं मत

"आधी तो काढून टाक," शकू म्हणाली. "च्या ऱ्हावंदे. आधी तो काढ."

सलोनीच्या एका हातात चहाचं गाळणं होतं आणि दुसऱ्या हातात सासूने कोंबलेला फोन. वर पत्रा धडधडत होता. आदल्या दिवशी बंदरावर वादळाचा बावटा चढला, तशा मिरकरवाड्याच्या बहुतेक बोटी माघारी फिरून धक्क्याला लागल्या होत्या. 'भैरीप्रसाद' आली नव्हती. वायरलेसवर तिचं उत्तर येत नव्हतं. तिच्यावर शकूचा मुलगा रूपेश खलाशी होता, सलोनीचा नवरा.

"काय काढू, आई?"

"माजा मत."

हे मत काय होतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. गणपती झाल्यावर कोलंबी सोलायच्या शेडमध्ये काम सुरू झालं, तेव्हा सलोनीला फोनवर एक जपानी मालिका सापडली. खून, पोलीस, गुप्तहेर असा सगळा मालमसाला, आणि माणसं जपानी असूनही हिंदीत बोलणारी. दर शुक्रवारी नवा भाग. जेवणाच्या सुट्टीत फोन बर्फाच्या पेटीवर उभा करायचा आणि सात-आठ बायकांनी डबा मांडीवर घेऊन बघायचं, असं सुरू झालं. समुद्रकाठचं गाव, धक्का, जाळी, खोकी. घरचंच वाटायचं. एका मुलीचं प्रेत मच्छीमाराच्या जाळ्यात येतं आणि मग सगळा गाव एकमेकांकडे बघायला लागतो, अशी ती गोष्ट होती.

जपानी नावं काही कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून बायकांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. सडपातळ, कधी न हसणारा गुप्तहेर पुढ्यात आलेलं मुकाट्याने खायचा, म्हणून तो जावय. त्याच्या मागे वही घेऊन फिरणारी पोलीसबाई ती मास्तरीण. आणि एकटा राहणारा, कुणाशी न बोलणारा म्हातारा होडीवाला, त्याचं नाव तांडेल. बोट चालवतो तो तांडेल, एवढं साधं.

त्या मालिकेखाली बघणारे आपापली मतं लिहायचे. एकदा सलोनीने गंमत म्हणून 'शकूमावशी' या नावाने सासूचं बोलणं लिहून टाकलं, 'त्या जावयाला कुनीतरी पोटभर जेवायला घाला, मग त्याला खुनी सापडंल.' लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढच्या शुक्रवारी भाग सुरू होतो न होतो तोच नागपूरचा कोणी, सोलापूरची कोणी विचारू लागले, शकूमावशी, तुमचं मत काय?

शकूला पन्नाशी उलटून गेली होती. इतक्या वर्षांत आमटीत मीठ पुरे का, यापलीकडे तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. नवरा मोरू दम्याने घरी बसलेला, तो तर तेवढंही विचारत नसे. त्यामुळे ती हरखली, आणि का हरखू नये? शुक्रवारी ती शेडमध्ये धुतलेलं पातळ नेसून येऊ लागली. बायकांनी चिडवलं तर म्हणायची, "लोक वाट बगतात गो माजी."

मग आला शेवटून दुसरा भाग. मुलीची चप्पल म्हाताऱ्याच्या होडीत, फळीखाली सापडली. शेडमध्ये एकदम गलका झाला. शकू कोपरापर्यंत कोलंबीच्या पाण्यात, तशीच ओरडली, "पोलिसाला कशाला देताव? त्या तांडेलाला समुद्रात बुडवा!" सलोनीने लिहिलं. शेजारच्या चिमाने पदराला हात पुसले आणि फोनवर पहिला अंगठा दाबला. "माजा पैला," असं म्हणून ती हसायला लागली, कारण तिचा नवरा केरू खराखुरा तांडेल होता. 'भैरीप्रसाद' तोच चालवायचा.

"आमचे हे पन त्या म्हाताऱ्यासारकेच बसतात, गुडगं पोटाशी घेवन," चिमा म्हणाली. "म्हनून मेल्याचा राग जास्ती येतो."

सगळ्या हसल्या. शकूही हसली. बोट त्याच पहाटे बाहेर गेली होती, आणि ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

शकूच्या सासूचा एक दंडक होता. बोट बाहेर असली की 'बुडणं' हा शब्द घरात काढायचा नाही. विहिरीत कळशी गेली तरी 'खाली गेली' म्हणायचं. संध्याकाळी सूर्यसुद्धा 'घरी गेला' म्हणायचा. नवी सून म्हणून आलेली शकू एकदा चुकली, तर सासूने तिला भर पावसात भैरीच्या देवळात पाठवून नाक घासायला लावलं होतं. सासू गेली, पण शकूने तो नेम कधी मोडला नाही. आणि मोडला तो कुणासाठी, तर जपानातल्या एका न पाहिलेल्या म्हाताऱ्यासाठी. तोही एकदा बोलून नव्हे. लिहून, चारचौघांत.

"काढला," सलोनी म्हणाली. "गेला तुमचा."

"माजा म्हंजे? आजून कुनाचा हाय?"

सलोनी फोन पाठीमागे लपवू लागली. शकूने फोन ओढून घेतला. तिला अक्षरं लावून लावून वाचता येत होती. तिचं मत गेलं होतं खरं, पण तिचे शब्द लोकांनी उचलले होते. 'तांडेलाला बुडवा.' 'शकूमावशीचा निकाल, तांडेलाला बुडवा.' एकाने तर तेच मोठ्या अक्षरांत लिहून खाली हसरी तोंडं लावली होती. आज शेवटचा भाग यायचा होता, म्हणून लोकांना जोर चढला होता. ती बघत असतानाच खालून आणखी एक आलं. बुडवा. मग आणखी एक.

आपण एकटीने म्हटलं असतं तर नाक घासून देवाला सांगता आलं असतं, असं तिला वाटलं. एवढ्या माणसांच्या वतीने ती कुठे नाक घासणार? आणि बोटीवर तांडेल म्हणजे काय एकटा असतो? बोट गेली तर सगळेच जातात.

"त्यांना लिव," ती म्हणाली. "लिव, की माजा पोरगा बाहेर हाय. असा बोलू नका."

सलोनीने लिहिलं. जरा वेळाने उत्तर आलं. मावशी पण काय नाटक करते, जबरदस्त.

मग सलोनी रडायला लागली. शकूने तिला जवळ घेतलं नाही. तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटत होती.

दोघी धक्क्यावर गेल्या. भगवतीच्या किल्ल्याखाली लाटा खडकावर चढत होत्या आणि पाण्याचा रंग गढूळ मातीसारखा झाला होता. बोटमालक कानाला फोन लावून फेऱ्या मारत होता. मत्स्य खात्याचा माणूस सांगत होता, काही बोटी जयगडच्या खाडीत शिरल्या आहेत, काळजी करू नका. शकूला त्याचं तोंड हलताना दिसत होतं. ती मनात एकच सांगत होती, भैरीबुवा, मी चुकलंय, माजी जीभ घे, पोरगा दे. एवढंच. तिने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. पुढे तिला हेच आठवत राहिलं.

चिमा थर्मास घेऊन आली. तिला भीती नव्हती. केरू चाळीस वर्षं दर्यावर होता, आणि चिमाने घाबरायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

"ह्यांनी असली वादळा लय बगितलानी," ती म्हणाली. "जयगडात जावन झोपले असतील. घे च्या." मग शेजारी टेकत तिने विचारलं, "आज शेवटचा भाग ना गो? बग, तुजाच मत खरा होनार."

शकूच्या हातातला कप कलंडला. गरम चहा पायावर सांडला, तरी तिने पाय हलवला नाही.

"नको बोलू," ती म्हणाली. "त्याचा काय नको बोलू."

"अगो, नाटक ता!" असं म्हणून चिमाने तिचा पाय आपल्या पदराने पुसला.

दुपार कलताना 'भैरीप्रसाद' दिसली. कुणीतरी ओरडलं, सगळे धावले. बोट एका अंगाला झुकलेली, पुढचा कठडा तुटलेला, जाळं नव्हतंच. शकूने माणसं मोजली नाहीत. तिला फक्त रूपेशचं लाल बनियन शोधायचं होतं, आणि ते दिसलं. रूपेश दोरी घेऊन उभा होता. तिच्या छातीतून हुंदका फुटला आणि तिने सलोनीचा दंड घट्ट धरला.

पण रूपेश आईकडे बघत नव्हता. तो तिच्या मागे बघत होता, चिमाकडे. धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या हातात केरूची हिरवी बॅटरी होती.

"काकी," तो म्हणाला, आणि बॅटरी पुढे धरली.

जाळं बोटीखालच्या पंख्यात अडकलं होतं. ते कापायला रूपेश वाकला होता. केरूने त्याला मागे ओढलं, म्हणाला, तुजा काम नाय, हो बाजूला. आणि सुरी घेऊन स्वतः वाकला. मग ती लाट आली.

"आमी लय शोधलाव, काकी. उजाडेपर्यंत शोधलाव."

चिमाने बॅटरी घेतली आणि तिचं बटण दाबून बघितलं. ती लागली. भर दिवसा तो उजेड कुणाला दिसला नाही, तरी चिमा बटण दाबतच राहिली. शकूला वाटलं, आता ही वळेल आणि आपल्याकडे बोट दाखवेल. चिमा वळली नाही.

केरू सापडला नाही. दिवसकार्य झालं. शकू रोज चिमाकडे जात होती, भात टाकत होती, पाणी भरत होती, आणि रोज दारात पाऊल ठेवण्याआधी थबकत होती. आज ही विचारेल, असं तिला वाटायचं. रूपेश जिवंत आहे याचा आनंद तिला घरात मोठ्याने करता येत नव्हता. तो जेवायला बसला की त्याच्याकडे बघायची तिला चोरी वाटे. मालिकेचा शेवटचा भाग सलोनीने लावायचा विषय काढला, तेव्हा तिने फोन उलटा करून ठेवला होता.

एका सकाळी चिमा कोलंबीचं टोपलं पुढ्यात घेऊन बसली होती. दोघी सोलत होत्या.

"शकू," चिमा म्हणाली, "ता शेवटी काय झाला गो? त्या म्हाताऱ्यानच मारलान काय तिला?"

शकूचा हात थांबला. तो भाग तिने पाहिला नव्हता आणि कधी पाहणारही नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "त्यान काय केलान नव्हता. चांगला मानूस व्हता तो."

चिमाने मान हलवली. मग टोपल्यात बघत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मी अंगठा दाबला व्हता. पैला माजाच. तो काढता येतो काय गो?"

म्हणजे इतके दिवस हीसुद्धा तेच घेऊन बसली होती. शकूला रडू आवरेना.

"मत माजा व्हता," ती म्हणाली. "तुजा काय नाय त्यात. काढलाय मी तो. त्याच दिशी काढलाय."

"खरा?"

"खरा."

चिमाने उजवा हात पुढे केला, जणू शकूनेच बघून सांगावं. शकूने तो मांडीवर घेतला, पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि चिमाचा अंगठा पुसू लागली. पुसून झाल्यावरही ती पुसत राहिली. चिमाने हात काढून घेतला नाही.