फाटक कोण लावतं?

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी फाटक आहे. फाटक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बंगल्याचं मोठं लोखंडी दार येईल. तसा माझा काही थाट नाही. मोठ्या माणसाच्या जेमतेम मांडीला लागेन एवढीच माझी उंची. बाहेरचा रस्ता मी कधी अडवला नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता बाल्कनीत कुंड्यांच्या मागे टेकून असतो. लाकडाला काय वाटणार, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मला फारसं काही वाटत नाही. पण पाहिलेलं सगळं लक्षात आहे, तेवढं सांगतो.

माझा जन्म एका मोडक्या पलंगातून झाला. या घरात तेव्हा दोघंच राहायची, नवरा आणि बायको. दोघंही नोकरीला जाणारी. त्यांनी एक पिल्लू आणलं होतं. तांबूस रंगाचं, गोल पोटाचं, चालताना स्वतःच्याच पायात अडखळणारं. त्याचं नाव ढब्बू पडलं. दोघं कामावर गेली की ढब्बू घरभर पाणी करून ठेवायचा. म्हणून सुतारकाकांना बोलावणं गेलं.

"एवढंसं फाटक?" सुतारकाकांनी टेप गुंडाळत विचारलं. "कोणीही टांग टाकून जाईल की."

"माणसांसाठी नाही हो, कुत्र्यासाठी," बायको म्हणाली.

"असं होय. मग त्याला उंची चालेल का ते विचारलंत ना? नाहीतर उद्या मला परत बोलवाल."

बायको खळखळून हसली. तिचं हसू तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जायचं.

रंधा फिरला, पट्ट्या जुळल्या, एका बाजूला बिजागऱ्या बसल्या आणि दुसऱ्या बाजूला आपोआप पडणारी कडी. मी स्वयंपाकघराच्या आत उघडायचो, हे नीट लक्षात ठेवा. आत शिरलात की मला नुसतं मागे लोटायचं, कडी 'टक्' करून पडायची. बाहेर येताना मात्र मागे वळून मला ओढून घ्यावं लागायचं. म्हणून लोक मला विसरायचे ते नेहमी बाहेर जाताना.

ढब्बू मोठा झाला, शहाणा झाला आणि माझी गरज संपली. मी भिंतीला लागून उघडा पडलेला असायचो, अंगावर हात पुसायचा पंचा वाळत असायचा. तिथून मी ढब्बूच्या एकेक सवयी पाहिल्या. दूध उतू जायच्या बेतात आलं की त्याला कसं कोण जाणे आधीच कळायचं. मग घरात जो असेल त्याच्या पायजम्याचं टोक धरून तो ओढत न्यायचा. एकदा दूध वाचलं, पण पायजमा खाली आला. फिरून आल्यावर पायपुसण्यावर उभा राहून एकेक पाय पुसायला पुढे करायचा. पुढे पुढे बाहेर न जाताही करू लागला. दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे खाली पडले की तोंडात धरून बायकोच्या पायाशी आणून ठेवायचा. त्याला शाबासकी मिळते म्हटल्यावर त्याने न पडलेले चिमटेही ओढून आणायला सुरुवात केली. मग चिमटा पायाशी आणि चादर मातीत, असा प्रकार व्हायचा.

"अरे, कामसू आहेस का कामचुकार, एकदा ठरव," बायको म्हणायची. ढब्बू शेपटी हलवायचा.

मग चिमणी आली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण घरात सगळे चिमणीच म्हणतात. बायकोची आई झाली, नवऱ्याचा बाबा झाला. मीही त्यांना आता तसंच म्हणतो.

आईचं हसू मात्र कमी झालं. ती रडायचीही नाही. अंघोळ, दूध, कपडे, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. पण मुंग्या येऊन पाय बधिर झाला की चालताना तो आपला वाटत नाही ना, तशी ती स्वतःच्या घरात वावरायची. तिच्यात एकच गोष्ट जागी होती, ती म्हणजे भीती. चिमणी झोपली की नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. खेळण्यांचे कोपरे बोटाने चाचपून बघायची. फोनवर वाचत बसायची, कुत्र्याचे केस, कुत्र्याची नखं, कुत्र्याचा मत्सर. वाचून झालं की ढब्बूकडे बघायची. ढब्बूला वाटायचं आपल्याला बोलावतायत.

एके दिवशी तिने माझ्या अंगावरचा पंचा काढला आणि मला पुन्हा कामाला लावलं. ढब्बू आत, चिमणी बाहेर. नियम झाला.

"फाटक लाव" हे शब्द त्या घरात दिवसभर ऐकू यायचे. बाबांना, शेजारणीला, सगळ्यांना. गॅसवाल्यालाही सुटका नव्हती.

"मॅडम, सिलिंडर खांद्यावर आहे," तो म्हणाला. "फाटक कशाने लावू?"

"असं," आई म्हणाली. धुतलेल्या कपड्यांची बादली दोन्ही हातांत असली की ती रोज जशी लावायची तसंच तिने करून दाखवलं. आत शिरली, पाठ फिरवली आणि बुडाने मला मागे लोटलं. टक्.

गॅसवाल्याने मान हलवली. ढब्बू ओट्याखाली बसून बघत होता. तो रोजच बघायचा. त्याच्याकडे मात्र कोणी बघत नव्हतं. त्याचं पाय पुढे करणंही थांबलं होतं, कारण पुसणारं कोणी नव्हतं.

आता मला ठाऊक असलेलं गुपित सांगतो. बाबा विसराळू. पाणी प्यायला आत यायचे, ग्लास तिथेच ठेवायचे आणि मला सताड उघडं टाकून निघून जायचे. ढब्बू उठायचा, माझ्यापर्यंत यायचा, पाठ फिरवायचा आणि बुडाने मला लोटायचा. टक्. मग ओट्याखाली जाऊन बसायचा. बाहेर पडायची आयती संधी असताना हा प्राणी स्वतःलाच कोंडून घ्यायचा. त्याला वाटत असावं, या घरात हे काम फार महत्त्वाचं आहे. सगळे त्याच्यावरूनच तर बोलत असतात.

आई येऊन बघायची तर मी बंद.

"बघ, लागली ना सवय?" ती बाबांना म्हणायची. "आधी किती विसरायचास."

बाबा मान डोलवायचे. फुकटचं कौतुक कोण परत करतं?

चिमणी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. गिझर बिघडला होता. आईने गॅसवर पाणी उकळवून बादलीत ओतलं. बादली स्वयंपाकघरात, जमिनीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर होती. वाफ येत होती. विसण घालणार तोच दाराची बेल वाजली. बेलने चिमणी उठेल म्हणून आई धावली. धावताना मला ओढून घ्यायचं राहिलं. जी सगळ्यांना सांगायची, तीच विसरली.

चिमणी उठलेलीच होती. सतरंजीवरून उतरली आणि रांगत निघाली. उघड्या दारातून बादलीचं निळं बूड दिसत होतं. तिला निळा रंग आवडायचा.

ढब्बू उठला. आधी बादलीकडे गेला आणि वाफेला नाक लागताच मागे झाला. मग तो माझ्याकडे आला, पाठ फिरवली आणि नेहमीपेक्षा जोरात मला लोटलं. चिमणीचं डोकं उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं. माझी पट्टी तिच्या कपाळावर आपटली. ती मागे पडली आणि किंचाळली. कडी पडली.

आई आली तेव्हा तिला एवढंच दिसलं. चिमणी जमिनीवर, कपाळावर टेंगूळ आणि ढब्बू माझ्यावर धडका मारतोय. मी बंद होतो तरी तो मला पाठीने रेटत होता. पुन्हा उघडू नये म्हणून असेल.

तिने बादलीकडे पाहिलंच नाही. ते पाणी संध्याकाळी, गार झाल्यावर, बाबांनी ओतून टाकलं.

"मत्सर करतोय तो तिचा," आई त्यांना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी ती सांगत होती. "ती फाटकाला धरून उभी राहत असेल, याने मागून धडक मारली."

"अगं, ढब्बू?" बाबा म्हणाले. "ढब्बू डासाला घाबरतो."

"आज टेंगूळ आलं. उद्या डोळा गेला तर? फाटक लावलेलं होतं म्हणून वाचली. त्याला ताईंकडे पाठव."

ताई म्हणजे बाबांची मोठी बहीण, चिमणीची आत्या. रविवारी ती गाडी घेऊन आली. ढब्बू पायपुसण्यावर उभा राहिला आणि त्याने आईपुढे एक पाय केला. आई चिमणीला घेऊन आतल्या खोलीत गेली. आत्याने ओढणीच्या टोकाने त्याचा पाय पुसला आणि त्याला घेऊन गेली.

त्यानंतर घर शांत झालं. मला उघडं ठेवलं काय, लावलं काय, फरक नव्हता. चिमटे बाल्कनीत पडलेले असायचे. चालताना आईच्या पायाखाली यायचे. ती वाकून उचलायची, हातात धरून जरा वेळ उभी राहायची आणि डब्यात टाकायची. एकदा दूध उतू गेलं. तिने पुसलं. तिला वाईट वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिलाही सांगता आलं नसतं.

आणि एका दुपारी आत्याचा फोन आला. आईचे हात कणकेचे होते म्हणून तिने तो माझ्या शेजारच्या फडताळात ठेवून स्पीकरवर लावला.

"अगं, हा कुत्रा आहे की वॉचमन?" आत्या फणफणत होती. "उघडं दार दिसलं की बूड लावून बंद! काल तुझे भावोजी टॉवेल गुंडाळून बाल्कनीत गेले, तर याने दार लावलं. कडी आतून पडली. मी बाजारात. खालच्या बायका वर बघून हसतायत आणि हे मागे तोंड करून उभे! कोणी शिकवलं गं याला हे?"

"आम्ही नाही शिकवलं," आई म्हणाली.

"मग आईच्या पोटातून शिकून आला असेल. आणि गंमत सांगू? बंद दाराकडे तो ढुंकूनही बघत नाही हं. उघडं असेल तरच याचं काम."

आईचे हात परातीत थांबले.

"ताई, बंद दाराला धडका मारतो?"

"कशाला मारेल? सांगतेय ना, आधी उघडं असायला हवं."

फोन बंद झाला. आई कणकेच्या हातांनी माझ्यासमोर आली. मला उघडलं आणि उघडं सोडलं. मग हॉलमध्ये जाऊन ती सतरंजीवर चक्क गुडघ्यांवर बसली आणि चिमणीच्या उंचीवरून माझ्याकडे बघू लागली. तिथून तिला बादलीची जागा दिसली. किती वेळ बसली होती, मला माहीत नाही. हातावरची कणीक सुकून पांढरी झाली.

संध्याकाळी बाबा आले.

"तू फाटक लावायचास ना रे?" तिने विचारलं.

बाबांनी बूट काढता काढता मान खाली घातली. "खरं सांगू? मी एकदाही लावलं नाही. मला वाटायचं, कडीसारखं तेही आपोआप लागत असेल."

"आपोआप नाही, ढब्बू लावायचा." ती म्हणाली. "त्या दिवशी फाटक उघडं होतं. मी टाकलं होतं. आणि आत उकळतं पाणी होतं."

बाबांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला आणि गाडीची किल्ली उचलली.

ढब्बू परत आला तेव्हा त्याने उड्या मारल्या नाहीत. पायपुसण्यावर जाऊन उभा राहिला. आईने खाली बसून त्याचे चारही पाय पुसले. सावकाश, बोटांच्या मधूनसुद्धा. मग तो हॉल ओलांडून गेला, चिमणीच्या पायाचा वास घेतला, माझ्यातून स्वयंपाकघरात शिरला आणि वळून बुडाने मला लोटलं. टक्.

आईने मला उघडलं. त्याने पुन्हा लावलं. शेवटी तिने चिमणीला कडेवर घेतलं, मला उघडून ती आत गेली आणि ओट्याला टेकून जमिनीवर बसली. ढब्बूने तिघांच्या मागे मला लावून घेतलं. मी बंद होतो आणि सगळे एकाच बाजूला होते. आई तेव्हा हसली, असं मी म्हणणार नाही. पण तिने ढब्बूच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

चिमणी चालायला लागली, पळायला लागली, मला टांग टाकून जायला लागली. मग मला बिजागऱ्यांतून काढलं आणि बाल्कनीत ठेवलं. पावसाने माझा रंग गेला. एक पट्टी सुटली, ती कोणी ठोकली नाही. ढब्बू म्हातारा झाला आणि एका सकाळी ओट्याखालून उठलाच नाही. चिमणी तेव्हा शाळेत जायला लागली होती.

कालचीच गोष्ट. चिमणी झाडांना घालायला दोन्ही हातांत पाण्याचे तांबे घेऊन बाल्कनीत आली. पाठ फिरवली आणि बुडाने दार लोटलं.

मागून कपड्यांची बादली घेऊन येणाऱ्या आईच्या नाकासमोर दार बंद झालं.

"अगं ए! हे कुठलं वळण? कोणी शिकवलं?" आतून आई म्हणाली.

"ढब्बूने!" चिमणी ओरडली. "तो असंच लावायचा, विसरलीस का?"

मग दार उघडलं. आई बाहेर आली. दोन्ही हातांत बादली होती. तिने पाठ फिरवली आणि बुडाने दार मागे लोटलं. लोटताना मध्येच थांबली. ढब्बू कोणाकडून शिकला होता, हे तिला त्या क्षणी कळलं असावं. मला ते आधीपासून ठाऊक होतं.

मित्रांनो, मला आता रंग नको आणि नवी पट्टीही नको. माझं एवढंच ऐका. तुमच्या घरातलं मुकं जनावर काही वेडंवाकडं करताना दिसलं, तर हात उगारण्याआधी जरा वाका आणि त्याच्या मागे काय आहे ते बघा. आणि फाटक उघडं दिसलं तर लावून घ्या. आता ते काम करायला ढब्बू नाही.