कायम म्हणजे किती दिवस?

मित्रांनो, माझ्या पहिल्या पानावर 'जिल्हा उस्मानाबाद' असा शिक्का आहे आणि मधल्या पानापासून 'जिल्हा लातूर'. मी मात्र शिरूर अनंतपाळजवळच्या एकाच गावात, एकाच कपाटात पडून आहे. मी ग्रामपंचायतीच्या ठरावांची जुनी वही.

बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर मिळणारी सुकडी खाऊन बायकांनी माती वाहिली आणि गावाला तळे मिळाले. तेव्हाचे सरपंच गुरुपादप्पा यांनी माझ्यावर ठराव लिहवून घेतला: वीस वर्षे हे पाणी फक्त पिण्यासाठी, ज्याला हे बदलायचे असेल, त्याने आधी सगळा ठराव खालच्या नावांसकट ग्रामसभेत स्वतः वाचावा, मगच हात मोजावेत. पुढच्या सभेत ग्रामसेवकाने लिहिले, 'मागील इतिवृत्त वाचून कायम केले.'

कायम! मी हरखून गेले. पण पुढच्या सभेतही तेच, त्याच्या पुढच्याही. एका सरपंचाने शाळेची जागा ठरवली, ती कायम झाली. दुसऱ्याने ती रद्द केली, तेही कायम झाले! माझे डोकेच चालेना. सभा नसली की माझ्यावर हजेरीपटांचा ढीग चढे.

ब्याऐंशीत जिल्हा नवा झाला. पुढे पाऊस रुसला, तळ्यात हातभर पाणी उरले आणि नवे सरपंच मल्लिकार्जुन यांनी उसासाठी तळ्यावर इंजिन बसवायचे काढले. शिवकीर्तन आटोपल्यावर गावच्या मठातच सभा भरली.

"तो ठराव जुन्या जिल्ह्याचा हाय. जिल्हा बदलला, ठराव उडाला," सरपंच म्हणाले.

खरेच उडाले असेन का मी? मला काही कळेना.

माती वाहिलेल्या साखराबाई उठल्या. "अरे मल्लिकार्जुना, मग तळं बी उस्मानाबादला गेलं का रे? बदलायचं तर वाच की आधी!"

मठ हसला. सरपंचांनी मला उघडले. ठरावाखाली अंगठ्यांच्या रांगा होत्या. एकेक नाव वाचले की गर्दीतून "हाव, मीच" असे उत्तर येई. काही नावांना कोणीच ओ देईना. ती माणसे आता हयात नव्हती.

"गुरम्मा मलप्पा..." सरपंच अडखळले.

कोपऱ्यातून त्यांची आई म्हणाली, "हाव, मीच. वाच पुढं."

इंजिनासाठी तीनच हात वर झाले. त्यांत सरपंचांचा नव्हता.

पुढच्या सभेत पुन्हा लिहिले गेले, 'वाचून कायम केले.' इतकी वर्षे मी 'कायम' या शब्दाकडेच बघत होते. त्याच्या आधीचा 'वाचून' मला दिसलाच नव्हता! कीर्तनात बुवा ध्रुपदावर परत परत येतात, तसेच हे असावे: पुन्हा वाचले की पुन्हा कायम.

वीस वर्षे सरल्यावर ठराव कायम राहतो की नाही, ते मला आजही उमगत नाही. मित्रांनो, वाळवीपासून मला जपाच, पण मधूनमधून उघडून मोठ्याने वाचाही.