नानकीचं दावं

हिलाल मिस्त्रीचा बाप गुरांच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवून द्यायचा. धुळ्याकडच्या त्यांच्या मुलखात बैल विकणारा बैल देतो, पण दावं देत नाही. ते सोडून घरी आणतो आणि खुंटीला टांगतो. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात गेला तरी लक्ष्मी आपल्या घरात राहते, अशी समजूत. घेणारा शब्द देतो की जनावर खाटकाच्या दारात जाणार नाही, आणि पुढे कधी ते मेलं तर निरोप धाडतो. मग विकणारा दावं परत करतो आणि ते जनावराबरोबर पुरतात.

हिलालने सुरतेत येऊन हातात पाना धरला, मोटारी खोलायला शिकला, गुजरातीत शिव्या द्यायलाही शिकला, पण ही रीत काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं. निदान कडोदऱ्याला त्याच्यावर जी वेळ आली ती आली नसती.

सुरतेच्या नानपुऱ्यात खुरशेदजी नावाचे एक म्हातारे पारशी राहत. हिलाल त्यांना बावाजी म्हणे. त्यांच्या अंगणात पत्र्याखाली एक छोटी विलायती रेसगाडी होती. एकाच माणसापुरती, दारं नसलेली, तारांच्या चाकांची, बॉनेटवर चामड्याचा पट्टा आवळलेली. तरुणपणी त्यांनी ती डुमसच्या समुद्रकाठच्या वाळूत गोऱ्या साहेबांच्या गाड्यांशी शर्यत लावून पळवली होती. त्यातल्या किती शर्यती जिंकल्या हा आकडा दर वर्षी थोडा वाढायचा, पण ऐकणाऱ्याने तो वाढू द्यावा असाच तो माणूस होता. गाडीचं नाव नानकी. रविवारी हिलाल तिची देखभाल करायला जाई. त्याने पुढून हँडल मारलं की नानकी अर्ध्या फेऱ्यात उठायची, आणि बावाजी खुर्चीत डोळे मिटून तो आवाज ऐकत बसायचे.

अडुसष्टच्या सुमारास काचबिंदूने बावाजींचे डोळे कायमचे गेले. बायको आधीच गेलेली, मुलगा विलायतेत. गाडी विकायची आहे असं कळल्यावर भंगारवाल्यांची अंगणात रीघ लागली. बावाजींनी सगळ्यांना हाकललं आणि हिलालला बोलावून घेतलं.

"दीकरा, तुं लई ले," ते म्हणाले. "जे आपवुं होय ते आप. पण एने दोडावजे. भंगारमां नहीं."

हिलालला भरून आलं. आयुष्यात त्याला कुणी इतकं मोलाचं काही, द्यायचं ते दे म्हणून, इतक्या सहज दिलं नव्हतं. मग बापाच्या धंद्यातलं जे ठाऊक होतं ते त्याने केलं. हँडल मारून नानकी चालू केली, मग तेच हँडल बावाजींच्या हातात ठेवलं आणि दाव्याची सगळी रीत त्यांना सांगितली. तिला पळवीन, भंगारात घालणार नाही, असा शब्द देताना त्याने त्यांच्या पायांना हात लावला.

"मारी नानकी बळद छे के, बैल?" म्हणून बावाजी पोट धरून हसले. पण हँडल त्यांनी लगेच छातीशी धरलं, आणि हिलाल नानकी घेऊन निघाला तरी ते त्यांच्या हातातच होतं.

आता हँडलशिवाय गाडी चालू कशी करायची, हे आमच्या मिस्त्रीला घरी गेल्यावर सुचलं. मग त्याने ओळखीच्या लेथवाल्याकडून दुसरं बनवून घेतलं. ते कधी नीट बसलं नाही. घसरायचं, हाताला झटका द्यायचं, मग कुठे नानकी कुरकुरत उठायची. पण परत मागायला जाणं म्हणजे दिलेलं दावं मागणं, ते त्याला मरेपर्यंत जमलं नसतं.

पहिले काही महिने हिलालने ती खरोखर पळवली. तो राहायचा त्या नवागामच्या चाळीतली माणसं बघायला जमत, आणि त्याची बायको सुंदरा उगाचच दारात उभी राहून भांडी घासायची. पण शौकाला पेट्रोल लागतं, आणि हिलाल दुसऱ्याच्या गॅरेजात मजुरी करत होता. हळूहळू नानकी गोणपाटाखाली गेली. शेळ्या तिच्या सीटवर बसायला लागल्या.

बहात्तरच्या दुष्काळी वर्षात वीज वरचेवर जायला लागली. सुरतेबाहेर कडोदऱ्याला नगीनभाईंची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, छोटी शेड होती. वीज गेली की लूम बंद, कारागीर बिड्या फुंकत बसलेले. त्यांनी गोणपाटाखालची गाडी पाहिली आणि त्यांच्या मनात गणित जुळलं. नानकीचं इंजिन काढून शेडमध्ये बसवायचं, रॉकेलवर चालवायचं, पट्ट्यांनी लूमना जोडायचं. बदल्यात शेडच्या पुढची, हायवेच्या तोंडाची खोली हिलालची. तिथे त्याने स्वतःचं गॅरेज घालावं.

स्वतःचं गॅरेज! हिलालला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"बावाजीनी तुम्हना शबदवर गाडी दिन्ही व्हती," सुंदरा म्हणाली. "आते त्यासले काय सांगशात?"

"त्यासले कोठे दिखस आते?" हिलाल बोलून गेला.

बोलल्याबरोबर त्याला स्वतःच्याच जिभेची किळस आली. सुंदराने त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं. पण शब्द गिळता येतो, गॅरेज हातचं सोडवत नाही. इंजिन शेडमध्ये गेलं. पत्रा भंगारवाल्याने नेला. तारांची चाकं एका बर्फाच्या गोळेवाल्याने आपल्या हातगाडीला लावली, आणि तो दिसला की हिलाल रस्ता बदलायला लागला.

बावाजी विचारत, "नानकी केम छे?" हिलाल म्हणे, "मजामां, बावाजी. हायवेवर वाऱ्यासारखी पळते." ते समाधानाने मान हलवत, आणि त्या हलणाऱ्या मानेकडे बघणं हिलालला दर वेळी जास्तच जड जायचं. शेवटी त्याने नानपुऱ्याला जाणंच सोडलं. गॅरेजात काम फार असतं, असं तो स्वतःला सांगायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी गॅरेजपुढे टॅक्सी थांबली. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून बावाजी उतरले. पांढरा डगला, डोक्यावर टोपी, एका हातात नानखटाईचा पुडा. हिलालने स्वतःचं गॅरेज काढल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं, आणि पोरगा कामामुळे येत नाही तर आपण जाऊन आशीर्वाद द्यावा म्हणून ते एवढ्या उन्हात आले होते. डगल्याच्या खिशातून एक लोखंडी दांडा बाहेर डोकावत होता.

"आजे हँडल हुं मारवानो," ते लहान मुलासारखे म्हणाले. "क्यां छे मारी नानकी?"

हिलालने स्टूल पुढे ओढलं. "बावाजी, ती... रंगाला दिली आहे. तुम्ही आधी सांगितलं असतं तर..."

"अरे, वांधो नहीं. फरी कोई वार."

ते स्टुलावर बसले. चहा आला. त्यांनी पुडा उघडून पहिली नानखटाई अंदाजाने हिलालच्या दिशेने धरली. हिलालने ती घेतली. ती तोंडात विरघळते म्हणतात, त्याच्या तोंडात ती मातीसारखी फिरत राहिली. देवा, म्हातारा लवकर जाऊ दे, एवढंच तो मनात म्हणत होता. ज्या माणसाने आपल्याला मुलासारखं मानलं तो लवकर जावा म्हणून देवाला विनवण्याइतके आपण खाली उतरलो, हेही त्याला त्याच वेळी कळत होतं.

आणि वीज गेली. भिंतीमागचा लूमचा खडखडाट एकदम थांबला.

"हिलालभाई!" नगीनभाई मागून ओरडले. "मशीन चालू करो!"

हिलाल जागचा हलला नाही.

"अरे हिलालभाई! माल अटक्यो छे!"

"जा, दीकरा," बावाजी म्हणाले. "काम पहेलां."

तो गेला. हँडल घसरलं, पुन्हा घसरलं, मग इंजिन खोकलं आणि उठलं. पट्टे फिरले, लूम सुरू झाले. रॉकेलचा काळा धूर कोंदला. एवढ्या खडखडाटात एका इंजिनाचा आवाज कुणाला कळणार, अशी वेडी आशा धरून हिलाल परत आला.

बावाजी उभे होते. दोन्ही तळवे त्यांनी मधल्या भिंतीला लावले होते, आणि भिंत थरथरत होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर हिलालने तो झेलला असता.

"बावाजी, मला शिव्या द्या," तो म्हणाला. "जोडा काढा. माझ्याकडून पाप झालं."

बावाजींनी खिशातून हँडल काढलं. बोटांनी चाचपत त्यांनी हिलालचा हात शोधला आणि ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मरी जाय त्यारे पाछुं आपवानुं," ते हळू म्हणाले. "तें ज शीखवेलुं ने?"

ड्रायव्हरने त्यांना आधार दिला आणि ते टॅक्सीकडे वळले. जनावर मेलं म्हणून परत आलेलं दावं हातात घेऊन हिलाल तसाच उभा राहिला. जनावराबरोबर पुरायचं, पण पुरायचं कुठे? जनावर तर भिंतीमागे जुंपलेलं होतं.

तेवढ्यात इंजिन गचके खाऊन बंद पडलं. कारागिरांनी गलका केला, नगीनभाईंनी शिवी हासडली. हिलाल धावला. इतक्या दिवसांची सवय, पाय आपोआप धावले. इंजिनापुढे ओणवा होऊन हातात होतं ते हँडल त्याने भोकात घातलं. ते घट्ट बसलं. अर्ध्या फेऱ्यात नानकी उठली, डुमसच्या वाळूत उठायची तशी, खणखणीत.

मेल्या जनावराचं दावं आपण त्याला पुन्हा जुंपायला वापरलं, हे त्याला तेव्हा कळलं. तो धुरातून पुढच्या दाराशी आला.

बावाजींचा एक पाय टॅक्सीत होता. ते थांबले होते, कान शेडकडे लावून. एका झटक्यात चालू झालेलं इंजिन त्यांनी ऐकलं होतं, आणि ते कुठल्या हँडलने चालू झालं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, आत बसले आणि दार ओढून घेतलं.