पाणी कुणी बंद केलं

ओबितारे गावचा धबधबा बारा महिने सारखाच कोसळतो, असा बाहेरच्यांचा समज होता आणि गावाने तो कधी खोडून काढला नाही. खरी गोष्ट अशी, की उन्हाळाभर नदीचं पाणी वरच्या बंधाऱ्यावरून पाटाने भाताच्या खाचरांकडे जायचं आणि कड्यावरून नुसती ओली रेघ उतरायची. भात कापून झाला, डोंगर लाल-पिवळा व्हायला लागला, की मासुझो वर जाऊन बंधाऱ्याचं दार उघडायचा आणि धबधबा सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवसापासून बसगाड्यांची रांग लागायची. फसवणूक म्हणावी तर पाणी खरं, कडाही खरा. गावाने तेवढंच सांगायचं आणि पुढचं गिळून टाकायचं ठरवलं होतं.

किनुए धबधब्याच्या पायथ्याशी टपरी चालवायची. मिसोची खारट चटणी लावून भाजलेले भाताचे गोळे विकता विकता तिनेच किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल, की माझ्या सासऱ्यांच्या सासऱ्यांनीसुद्धा हे पाणी आटलेलं पाहिलं नाही. सांगताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

त्या दिवशी पानगळीच्या हंगामातली मोठी सुट्टी होती. गाड्या थेट देवळापर्यंत लागल्या होत्या, आणि किनुएची टपरी बंद होती. तिचा नवरा सेइगो आदल्या दिवशी पहाटे अळंबी काढायला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. रात्री दहिवर गोठून पांढरं झालं होतं. किनुएने ती रात्र कशी काढली ते तिचं तिला ठाऊक.

शोधायचा तरी कुठे? अळंबीची जागा सेइगोला बापाने मरतेवेळी कानात सांगितली होती आणि त्याने ती ना बायकोला सांगितली, ना सेंदाई शहरात दिलेल्या लेकीला. देवळामागच्या पूर्वेच्या वाटेने तो निघायचा तेही लोकांना चकवायला. पुढे कुठे वळायचा, देव जाणे. गावात सगळेच असं करतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून गावचं अग्निशामक पथक कालपासून पूर्वेची धार पालथी घालत होतं.

दुपारी धबधब्याच्या डोहात एका बाईला वेताची टोपली तरंगताना दिसली. तिने आधी फोटो काढला, मग काठीने टोपली ओढून घेतली. टोपली सेइगोची आहे हे गावातल्या प्रत्येकाने ओळखलं आणि प्रत्येकाने मान खाली घातली. पोलिसाने टोपी काढली. उद्या सकाळी पाणबुडे मागवतो, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. उद्या म्हणजे कशासाठी, ते न सांगताही कळत होतं.

किनुएने टोपली फिरवून पाहिली. टोपलीचं झाकण सेइगोच्या गळ्यातल्या पंच्याने आवळून बांधलेलं होतं, गाठीवर गाठ मारून. आत अळंबी जशीच्या तशी होती.

"बुडणारा माणूस टोपलीचं तोंड बांधत बसेल का?" ती म्हणाली. "त्यांनीच सोडलीय ही. वर, बंधारा आणि कड्याच्या मधल्या घळीत कुठेतरी अडकलेत आणि हाका मारतायत. या आवाजात ऐकू कुणाला येणार?"

पथकाची काही माणसं सकाळीच घळीच्या काठाने जाऊन आली होती, हाकाही मारल्या होत्या, पण उत्तर आलं नव्हतं. कुठून येणार? त्या काठावर शेजारच्याशी बोलायचं तरी त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. हेलिकॉप्टर येऊन गेलं, त्याला झाडांचे शेंडे तेवढे दिसले.

किनुए तशीच उराबेकडे गेली. उराबे पर्यटन मंडळाचा अध्यक्ष, खालची सराय त्याचीच. धबधबा बंद करा, असं तिने सरळ सांगितलं. त्याने तिला दंडाला धरून टपरीच्या मागे नेलं. माणूस वाईट नव्हता, त्याचे डोळे भरून आले होते. पण त्याने हिशेब मांडला. शाळा गेली, टपालकचेरी गेली, आता गावापाशी हे हंगामाचे चार आठवडे तेवढे उरलेत. इथे ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. भर दुपारी धबधबा नळासारखा बंद होताना जगाने पाहिला, तर पुढच्या वर्षी कुत्रंही फिरकणार नाही.

"सेइगो माझ्या वर्गातला, वहिनी. मला का कमी वाटतंय?" तो म्हणाला. "पण तो गेलेला असेल तर? गाव जाईल आणि तोही मिळायचा नाही. पाच वाजता बसगाड्या निघतात. त्या निघाल्या की मी स्वतः वर जातो."

पाच वाजता अंधार पडलेला असणार आणि दुसरी रात्र सेइगो काढू शकणार नाही, हे किनुएला माहीत होतं आणि उराबेलाही. ती खडीवर गुडघे टेकून बसली आणि तिने कपाळ जमिनीला लावलं. आलेले लोक बघायला लागले. उराबे तिला उठवायला वाकला, पण त्याच्या तोंडून पाच वाजता याखेरीज काही निघेना.

मग ती आपली आपण उठली आणि टपरीतल्या रबरी बुटांवरच बंधाऱ्याची चढण चढायला लागली. छातीत कळ येत होती. डाव्या हाताला धबधबा गर्जत होता. त्याच्या जिवावर तिने संसार केला, लेकीचं लग्न केलं आणि आता त्याच्यावर थुंकावंसं वाटत होतं. एवढी गर्दी त्याला बघायला आली होती आणि त्यातल्या एकालाही त्याच्या पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तिला भीती एकाच गोष्टीची होती, की आपण उशीर केला.

बंधाऱ्यावर मासुझो बसला होता. सेइगोबरोबर लहानाचा मोठा झालेला माणूस. उराबेचा फोन तिच्या आधी पोचला होता. अध्यक्षांचा हुकूम नाही, एवढंच तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. किनुएने दाराचं लोखंडी चाक धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. चाक हललं नाही. तिने पुन्हा ओढलं, तळहाताची साल निघाली तरी ओढत राहिली.

"उलटं फिरवताय, वहिनी," मासुझो शेवटी म्हणाला.

तो उठला आणि चाकाला दुसऱ्या बाजूने भिडला. दार कुरकुरत खाली उतरायला लागलं, पाणी तटून पाटाकडे वळलं. नदीत उरलेलं पाणी वाहून जायला वेळ लागला. मग गर्जना विरळ होत गेली, नुसता शिडकावा ऐकू आला, मग तोही थांबला. खालून गर्दीचा गलका वर यायला लागला. कुणीतरी हसलं. तेवढ्यात कर्ण्यातून उराबेचा आवाज आला.

"कृपया कुणी बोलू नका. हो, पाणी आम्हीच सोडतो आणि आम्हीच बंद केलंय. वर आमचा माणूस आहे."

सगळं गप्प झालं. किनुए घळीच्या काठावर जाऊन नवऱ्याच्या नावाने ओरडली. काही नाही. पुन्हा ओरडली. मासुझोने टोपी काढून हातात धरली. आणि मग घळीतून, कुठून ते कळेना, एक बारीक, तापलेला आवाज आला.

"पाणी कुणी बंद केलं? सुट्टीचा दिवस आहे. माणसं आलीत. सोडा पाणी."

मासुझो होता तिथेच खाली बसला. किनुएला हसू आणि रडू एकदमच फुटलं. कुठे आहात, असं तिने विचारलं, तर त्यावर मात्र उत्तर येईना. या घटकेलाही अळंबीची जागा सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. मी येतो चढून, असं तो म्हणाला खरा, पण आवाजावरूनच कळत होतं की तो चढणार नाही.

पथक दोर घेऊन धावत आलं. प्रमुख ओनोदेरा म्हणाला, की आवाज दोन्ही कड्यांवर आपटतो, एका हाकेने जागा लागत नाही, त्यांना बोलतं ठेवा. माणसं दोरावरून उतरली. किनुएने विनवण्या केल्या, लेकीचं नाव घेतलं. खालून काही नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात विनवणीला तो कधी बधला नव्हता. तो बोलायचा फक्त चिडल्यावर.

"पाणी मी बंद केलंय," ती ओरडली. "आणि सोडणार नाही."

"वेड लागलंय का तुला?"

दोरावरची माणसं त्या दिशेला सरकली.

"तुमची जागा मला केव्हाची ठाऊक आहे. मासुझोभावजींनाही सांगितलीय."

"खोटं." हा आवाज आणखी खालच्या अंगाने आला. माणसं आणखी सरकली.

"तुमची अळंबी मी फुकट वाटून टाकली. शहरातल्या बायका पिशव्या भरून घेऊन गेल्या."

उत्तर आलं नाही. ती बोलत राहिली, सासऱ्यांना नावं ठेवली, त्याच्या घोरण्याला, त्याच्या खोट्या दातांना. ऊन धारेआड गेलं. घसा बसला तरी ती थांबली नाही. चिडवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती नुसतीच म्हणाली, "अहो, भांडा ना माझ्याशी."

ओनोदेराच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. खाली उतरलेल्या माणसाने सेइगोला गाठलं होतं. कपारीत बसलेत, पाय मोडलाय, अंग बर्फासारखं झालंय, दोर बांधतोय. मग तो म्हणाला, "काका म्हणतायत, पाणी सोडलंत ते बरं केलंत. छान आवाज येतोय."

घळीत पानाचाही आवाज नव्हता. ओनोदेराने किनुएकडे बघायचं टाळलं. तिने त्याच्या हातातून यंत्र ओढून घेतलं.

"कसला आवाज? कान फुटले का तुमचे? कडा कोरडा ठणठणीत पडलाय आणि सगळं जग बघायला उभं आहे. गावाचं नाक कापलं मी. आता डोळे उघडा आणि माझ्याशी भांडा."

यंत्र नुसतं खरखरत राहिलं. किनुएने ते दोन्ही हातांनी कानाशी धरलं.

"उघडले," खालचा माणूस म्हणाला. "काकू, उघडले डोळे."