मालिकेतल्या स्वयंपाकघराची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. भिंत म्हटलं की तुम्हाला विटा आणि सिमेंट आठवेल. माझ्यात त्यातलं काही नाही. मी प्लायवूडची. मागून बघाल तर नुसत्या लाकडी पट्ट्या आणि टेकू. सहा वर्षं मी एका मालिकेतल्या कुटुंबाचं स्वयंपाकघर सांभाळलं. कॅमेऱ्याला जागा हवी असली की चौघे जण मला उचलून बाजूला ठेवायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

सुतारांनी मला एका दिवसात ठोकलं. माझी भिंत केली ती रंगारीकाकांनी. सेट उभारणाऱ्या बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "काका, या घरात तीस वर्षं माणसं राहिलीत. आणि प्रेक्षकांचं लक्ष भिंतीकडे गेलं, तर आपलं चुकलं." काकांनी आधी मला छान रंगवलं आणि मग महिनाभर बसून बिघडवलं. शेगडीच्या वर काजळी, बटणांभोवती बोटांचे डाग, नळाजवळ ओल. डाग पाडायलाही अक्कल लागते, मित्रांनो.

मालिका गाजली. लोकांनी साड्यांचं कौतुक केलं, सासूच्या डोळ्यांचं केलं. माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बाई खूश होत्या. पंचाईत झाली ती काकांची. त्यांच्या बायकोने त्यांचं काम कधी पाहिलं नव्हतं, आणि ही मालिका ती एक दिवस चुकवत नव्हती. डबा खाताना काका सुतारांना सांगायचे, "काल म्हटलं, अगं, सुनेच्या मागे बघ जरा. तर म्हणते, ती बिचारी रडतेय आणि तुम्हाला भिंत सुचतेय." सगळे हसायचे. काकाही हसायचे. पण तिने एकदा तरी आपली भिंत नीट बघावी, एवढं त्यांना फार वाटायचं. कॅमेरा चेहऱ्यावर जायचा आणि मागे मी धूसर व्हायचे.

मग मालिका बंद झाली. सेट मोडायच्या दिवशी काका बायकोला घेऊन आले. बाकीच्या भिंती तोवर निघाल्या होत्या.

"काकू, आमचा चहा होईपर्यंत बघून घ्या," सुतार म्हणाला.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "इथेच सुनेचा हात भाजला ना?" म्हणत त्यांनी हातातली पिशवी माझ्या खिळ्याला अडकवली. पिशवी धपकन खाली पडली.

तिथे खिळा नव्हताच. मला सारखं उचलावं लागे, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून काकांनी तो रंगवला होता. खाली गंजाचा ओघळ, बाजूला सावली.

काकूंनी खिळ्यावरून बोट फिरवलं. मग काजळीवरून. बोट स्वच्छच राहिलं.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो."

"मी रोज बघत होते. मला कसं दिसलं नाही?" त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी ते लपवलं नाही.

"दिसू नये असंच केलं होतं," काका म्हणाले.

"मग आता दाखवा. एकेक करून दाखवा."

काकांनी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चहा संपला. सुतारांनी माझे वरचे स्क्रू सोडवले. काका अजून बटणांपर्यंतच आले होते.

आता मी गोदामात, तोंड दुसऱ्या भिंतीकडे करून उभी आहे. याचं मला काहीतरी वाटायला हवं, असं कधी कधी मनात येतं. मित्रांनो, मालिकेत कोणी रडत असेल तर रडू द्या, तुम्ही जरा मागे बघा. आणि घरातलं माणूस कामावरून दमून आलं, तर आज काय केलंस, ते विचारा. काम चालू आहे तोवरच विचारा.